बँकांचा खातेउतारा एकाच नमुन्यात मिळायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली २२ वर्षे मी सांगलीत छोट्या व्यापाऱ्यांचे आणि गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिते. सुरुवातीच्या काळात गिऱ्हाईक पासबुक आणि चेकबुकाच्या स्थळप्रती घेऊन येई, मी एकेक नोंद वाचून संगणकात भरत असे आणि महिन्याला साठ-सत्तर नोंदी झाल्या तरी खूप वाटत. २०१६ साली यूपीआय आले आणि काही वर्षांतच चित्र पालटले. आज साध्या किराणा दुकानाच्या चालू खात्यावर महिन्याला हजार-बाराशे ओळी सहज होतात. त्या हाताने भरणे कोणालाही शक्य नाही. म्हणून बँकेच्या संकेतस्थळावरून खातेउताऱ्याची फाइल उतरवून घ्यायची आणि ती टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करायची, हाच मार्ग उरतो. ही फाइल बँकेने कोणत्या स्वरूपात द्यावी याचा नियम नसल्यामुळे हिशेबनिसांचे, व्यापाऱ्यांचे आणि सोसायट्यांच्या सभासदांचे किती नुकसान होते, याकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एका बँकेची फाइल दुसरीसारखी नसते, आणि कित्येकदा एकाच बँकेच्या बचत खात्याची व चालू खात्याची फाइलही एकमेकींशी जुळत नाही. कोणी काढलेल्या आणि भरलेल्या रकमेचे दोन वेगळे रकाने देते. कोणी एकाच रकान्यात रक्कम देऊन शेजारी ‘सीआर’ (जमा) किंवा ‘डीआर’ (नावे) लिहिते. कोणी ती अक्षरे रकमेलाच चिकटवते, म्हणजे संगणक त्या रकमेला आकडा न मानता मजकूर मानतो आणि बेरीज शून्य दाखवतो. वर खातेदाराचे नाव, पत्ता, शाखा, आयएफएससी, नामनिर्देशन अशा पंधरा-वीस ओळी, खाली एकूण बेरजा आणि सहीची आवश्यकता नसल्याची तळटीप, आणि मधल्या नोंदींतही लांब तपशील दोन-दोन ओळींत मोडलेला. काही बँकांची ‘एक्सएलएस’ असे एक्सेलचे शेपूट लावलेली फाइल उघडली तर आत वेबपानाचा मजकूर निघतो; संगणक इशारा देतो, आपण ‘हो’ म्हणून पुढे जातो, पण हिशेबाचे सॉफ्टवेअर ती फाइल घेत नाही. मोठ्या बँकांचे ठरावीक नमुने ओळखण्याची सोय सॉफ्टवेअरवाल्यांनी केलेली आहे, हे खरे. बँकेने मधेच एक रकाना वाढवला की तीही बंद पडते. एकूण काय, फाइल हाताने साफ केल्याशिवाय बहुतेक वेळा काम होत नाही, आणि माझा अनुभव असा की चुका जन्माला येतात त्या याच साफसफाईत.

त्यातच नावे-जमेचा, म्हणजे डेबिट-क्रेडिटचा, उलट व्यवहार आहे. आपण पैसे भरले की बँकेच्या लेखी ते तिचे देणे, म्हणून ती आपले खाते जमा करते. आपल्या वहीत मात्र बँकेचे खाते नावे पडते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी बँक जुळवणी पत्रक (बँकेचा उतारा आणि आपली वही यांतला फरक दाखवणारा तक्ता) शिकताना हे घोकून पाठ करतो, पण रकाने जुळवताना नवख्या मुलाने बँकेच्या जमेला आपली जमा मानले की सगळा महिना उलटा होऊन बसतो. सुदैवाने ही चूक लगेच नजरेत भरते, कारण विक्रीचे पैसे खर्चात दिसू लागतात. तारखांची चूक तशी पटकन दिसत नाही.

एका हार्डवेअर दुकानाच्या मालकांनी नवा लॅपटॉप घेतला होता. त्यात तारखेची मांडणी अमेरिकन पद्धतीची, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर, अशी होती आणि कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. एप्रिल २०२४ ची फाइल त्यांच्या मुलाने त्यावर उघडून, वरच्या ओळी काढून, जतन करून माझ्याकडे पाठवली. बँकेने तारखा ०१/०४/२०२४ अशा साध्या आकड्यांत दिलेल्या होत्या. १ एप्रिलची नोंद ४ जानेवारीला गेली, २ एप्रिलची ४ फेब्रुवारीला, ३ एप्रिलची ४ मार्चला, आणि असे करत करत १२ एप्रिलची नोंद थेट ४ डिसेंबरला जाऊन बसली. तेरावा महिना नसल्याने १३ तारखेपासून पुढच्या तारखा संगणकाला कळल्याच नाहीत आणि त्या साधा मजकूर म्हणून राहिल्या. पहिल्या तीन दिवसांचे व्यवहार मागच्या आर्थिक वर्षात, पुढच्या काही दिवसांचे अजून न उजाडलेल्या महिन्यांत, आणि जागेवर राहिलेली एकच तारीख ४ एप्रिल. महिना अक्षरांत लिहिला, किंवा वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवला, तर हा घोळ होत नाही; काही बँका तसे देतातही. हे दुकान मालकाच्या एकट्याच्या नावावर होते म्हणून चुकीच्या नोंदी पुसून नव्याने घेता आल्या. कंपनी असती तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरबदलाची खूण सॉफ्टवेअरमध्ये राहणे सक्तीचे असल्यामुळे त्या दोन-अडीचशे नोंदी का घातल्या आणि का काढल्या, हे लेखापरीक्षकांना समजावून सांगत बसावे लागले असते.

परंतु ज्या प्रसंगाने मला हे पत्र लिहायला भाग पाडले तो त्याच महिन्यातला, एका ३६ सदनिकांच्या सोसायटीतला आहे. तेथे दरमहा देखभाल शुल्क २,८५० रुपये आहे. एका सभासदाची स्वतःची एक सदनिका आहे आणि खालच्या मजल्यावरची एक त्यांच्या आईच्या नावावर आहे. हे सभासद नोकरीनिमित्त पुण्याला असतात आणि दोन्ही सदनिकांचे पैसे आपल्याच खात्यातून, पाठोपाठ, यूपीआयने पाठवतात. म्हणजे सोसायटीच्या उताऱ्यात दोन ओळी आल्या: तारीख तीच, रक्कम तीच, पाठवणाऱ्याचे नाव तेच, तपशीलही तोच. फरक होता तो फक्त बारा आकडी संदर्भ क्रमांकात, आणि त्यातलेही पहिले सहा आकडे सारखेच होते.

त्या बँकेच्या फाइलमधल्या वरच्या १९ ओळी आणि खालची बेरीज काढल्याशिवाय आमचे सॉफ्टवेअर ती फाइल घेत नव्हते, म्हणून मी ती स्प्रेडशीटमध्ये उघडली, त्या ओळी काढल्या आणि पुन्हा सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, म्हणून जतन केली. स्प्रेडशीटची सवय अशी की अकरापेक्षा जास्त आकड्यांची संख्या दिसली की ती आखडून दाखवायची. संदर्भ क्रमांकाच्या जागी ‘४.०९७१२ई+११’ असे काहीतरी आले, आणि जतन करताना जे दिसत होते तेच फाइलमध्ये उतरले. शेवटचे सहा आकडे गेले ते गेलेच. इम्पोर्ट करताना सॉफ्टवेअरला दोन तंतोतंत सारख्या ओळी दिसल्या. एकच नोंद चुकून दोनदा आली असे समजून त्याने दुसरी गाळली. बँकेची शिल्लक आणि आमची शिल्लक यांत त्या महिन्यात २,८५० रुपयांचा फरक दिसत होता. आम्ही दिलेला एखादा चेक अजून वटायचा असेल असे समजून मी पुढे गेले. ही चूक माझी होती आणि मी ती समितीपुढे कबूल केली.

पुढे जुलैमध्ये थकबाकीची यादी निघाली आणि त्या सभासदाच्या ज्येष्ठ आईंना नोटीस गेली. गृहनिर्माण संस्थांच्या तेव्हाच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) थकबाकीवर सालिना २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज आकारता येत होते, त्याप्रमाणे व्याजही लावलेले होते. आयुष्यात कोणाचे एक रुपया देणे ठेवले नाही, असे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मुलाने मोबाइलवर दोन्ही व्यवहारांच्या पावत्या दाखवल्या. मी बँकेची मूळ फाइल पुन्हा उतरवली आणि या वेळी नोटपॅडमध्ये उघडली. दोन्ही ओळी एकाखाली एक होत्या, दोन्ही संदर्भ क्रमांक बाराच्या बारा आकड्यांनिशी. नोटीस मागे घेतली गेली, व्याज रद्द झाले, खजिनदारांनी घरी जाऊन माफी मागितली. रक्कम लहान होती म्हणून ते एवढ्यावर निभावले.

बँकांना एकच नमुना पाळणे जमत नाही, असे म्हणायला जागा नाही. चेकचेच उदाहरण घ्यावे. सीटीएस-२०१० हा मानक नमुना रिझर्व्ह बँकेने ठरवून दिल्यावर देशातल्या प्रत्येक बँकेच्या चेकवर तारखेची जागा, रकमेची चौकट, जलचिन्ह हे सारे ठरल्याप्रमाणे आले. शाखेचा आयएफएससी ११ अक्षरांचाच असतो. २०१३ मध्ये मोठ्या रकमा लगेच पाठवण्याची नवी आरटीजीएस यंत्रणा सुरू झाली तेव्हापासून बँका एकमेकींना आयएसओ २००२२ या आंतरराष्ट्रीय मानकातले संदेश पाठवतात. म्हणजे आपापसांत व्यवहार करताना सगळ्या बँकांची भाषा एक आणि खातेदाराला हिशेब देताना प्रत्येकीची बोली वेगळी. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने पासबुकात आणि खातेउताऱ्यात नोंदीचा पुरेसा तपशील देण्याच्या सूचना बँकांना दिल्या, कारण अगम्य नोंदींबद्दल तक्रारी होत्या. त्यामुळे तपशील खरोखरच सुधारला, हे मी रोजच्या अनुभवावरून सांगते. पण ती सुधारणा उतारा डोळ्यांनी वाचणाऱ्या माणसासाठी होती. आज खातेउतारा संगणक वाचतो, आणि त्याच्यासाठी रकान्यांचा क्रम, तारखेची मांडणी आणि प्रत्येक ओळीचा स्वतंत्र क्रमांक या गोष्टी तपशिलाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

ओळीला स्वतंत्र क्रमांक हवा, यावर माझा सर्वांत जास्त भर आहे. अमेरिकेत १९९७ साली ओएफएक्स नावाचा नमुना निघाला. त्यात बँक प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक देते आणि तो त्या खात्यात पुन्हा येत नाही. ग्नूकॅशसारखे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर, ज्याचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे, ओएफएक्स फाइल घेताना तो क्रमांक पाहते: १ ते १५ तारखेची फाइल टाकून झाल्यावर चुकून १० ते ३० तारखेची टाकली तरी मधल्या पाच-सहा दिवसांच्या नोंदी दुहेरी पडत नाहीत आणि दोन सारख्या रकमांपैकी एक गळतही नाही. आपल्याकडे यूपीआय आणि एनईएफटीच्या व्यवहारांना संदर्भ क्रमांक असतात, पण बँकेने कापलेले एसएमएस शुल्क, त्यावरचा जीएसटी, रोख भरणा, खात्यावर जमा केलेले व्याज अशा ओळींना बहुधा काहीच क्रमांक नसतो. स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेच्या एमटी ९४० नमुन्यातला उतारा, ज्यात आरंभीची शिल्लक, प्रत्येक व्यवहार आणि अखेरची शिल्लक यांना ठरावीक खुणा असतात, तो अनेक बँका मोठ्या कंपन्यांना देतात. महिन्याला हजार ओळींचे खाते चालवणाऱ्या दुकानदाराने शाखेत जाऊन तो मागितला तर समोरच्या कर्मचाऱ्याला बहुतेक वेळा ते नावही ठाऊक नसते.

भारतासाठीचा नमुनाही नव्याने तयार करावा लागणार नाही. २ सप्टेंबर २०२१ रोजी अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची व्यवस्था सुरू झाली. खातेदाराच्या संमतीने त्याच्या खात्याची माहिती कर्ज देणाऱ्या संस्थेकडे पोहोचावी यासाठी रिझर्व्ह बँकेच्याच मालकीच्या ‘रेबिट’ या कंपनीने ठेव खात्याच्या उताऱ्याचा तांत्रिक आराखडा प्रसिद्ध केलेला आहे. व्यवहाराचा क्रमांक, नावे की जमा, व्यवहाराचा प्रकार, रक्कम, त्यानंतरची शिल्लक, वेळ, मूल्य दिनांक, तपशील, संदर्भ क्रमांक हे सारे त्यात वेगवेगळ्या रकान्यांत आहे. मला हिशेबासाठी जे हवे ते सगळे त्यात आहे. या व्यवस्थेत सामील असलेली बँक त्या आराखड्यात माहिती तयार करतेच; ती घेण्याची मुभा मात्र वित्तीय नियामकांकडे नोंदलेल्या संस्थांना आहे, दुकानदाराच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरला नाही. कर्ज देणाऱ्याला ज्या सुटसुटीत रूपात माझ्या गिऱ्हाइकाचा उतारा मिळतो, त्याच रूपात तो स्वतः त्या गिऱ्हाइकाला का मिळू नये? नेटबँकिंगच्या पानावर पीडीएफ आणि एक्सेलच्या शेजारी आणखी एक बटण, एवढीच ही मागणी आहे.

पीडीएफचा विषय निघालाच आहे म्हणून एक गंभीर गोष्ट सांगते. ज्या खातेदारांना फक्त पीडीएफ मिळते ते, आणि दुर्दैवाने आमच्या व्यवसायातली तरुण मुलेही, ती फाइल कोणत्या तरी फुकट संकेतस्थळावर चढवून तिचे स्प्रेडशीटमध्ये रूपांतर करून घेतात. त्यासाठी आधी पासवर्ड काढून टाकतात. ते संकेतस्थळ कोणाचे, फाइल तिथे किती दिवस राहते, याची चौकशी कोणी करत नाही. एका दुकानाच्या उताऱ्यात काय नसते? कोणत्या कामगाराला किती पगार, कोणत्या पुरवठादाराची किती उधारी, घरातल्या कोणाचा इलाज कोणत्या दवाखान्यात चालू आहे, मुलीच्या शाळेची फी कुठे भरली. गिऱ्हाईक मोठ्या विश्वासाने हे आपल्या हाती देते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते की असे रूपांतर करायचे नाही. वेळ लागला तरी चालेल, बँकेत अर्ज करावा लागला तरी चालेल. शिवाय अशा रूपांतरात मोडलेल्या ओळींमुळे रक्कम एका ओळीत आणि नाव दुसऱ्या ओळीत जाते ते वेगळेच.

आपल्या भागात नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था यांचे जाळे मोठे आहे, आणि माझ्या निम्म्याहून अधिक गिऱ्हाइकांचे एक तरी खाते त्यांत आहे. काही सहकारी बँकांकडून अजूनही छापील उताराच मिळतो. त्यांच्यावर टीका करण्याचा माझा हेतू नाही. त्या बाहेरच्या कंपनीचे सॉफ्टवेअर वापरतात, बदल करून घ्यायचा तर पैसे मोजावे लागतात, आणि अडल्या वेळी व्यवस्थापक स्वतः उठून मदत करतात, हा अनुभव मोठ्या बँकेत येत नाही. त्यांना मुदत जास्त द्यावी. मार्च २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी राष्ट्रीय पातळीवर जी शिखर संस्था सुरू झाली, तिच्या उद्दिष्टांत छोट्या बँकांना तंत्रज्ञानाची मदत करणे आहेच. फाइलचा समान नमुना एकदाच तयार करून सर्वांना देणे हे तिला सहज शोभेल असे काम आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी पुण्याच्या सहकार आयुक्तालयाने परिपत्रक काढावे लागेल.

हा नियम येईपर्यंत माझ्या व्यवसायबंधूंनी निदान तीन-चार गोष्टींची सवय लावून घ्यावी. बँकेची मूळ फाइल कधीही न उघडता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि साफसफाई तिच्या प्रतीवर करावी. स्प्रेडशीटमध्ये फाइल दोनदा टिचकी मारून उघडण्याऐवजी ‘डेटा’ मेनूतून आत घ्यावी आणि संदर्भ क्रमांक, चेक क्रमांक व खाते क्रमांक यांचे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवून द्यावेत. नाहीतर ०००४५१ या चेकचा नुसता ४५१ होतो आणि सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो. संगणकातली प्रदेशाची मांडणी भारताची आहे ना, हे पाहून घ्यावे. आणि इम्पोर्ट करण्यापूर्वी आरंभीच्या शिल्लकेत जमा रकमा मिळवून, काढलेल्या रकमा वजा करून, अखेरची शिल्लक रुपयाला रुपया आणि पैशाला पैसा जुळते का ते पाहावे. न जुळल्यास पुढे जाऊ नये. मी आता प्रत्येक फाइलला हे करते. हजार ओळींना पाच मिनिटे लागतात. त्या सोसायटीच्या वेळी ती पाच मिनिटे मी दिली नाहीत.

एक खुलासा करावासा वाटतो. फाइल एकसारखी झाली म्हणजे हिशेबनिसाची गरज संपेल, असे काही जण म्हणतात. तसे होणार नाही आणि व्हायचीही गरज नाही. ‘यूपीआय’ लिहून पुढे एखाद्या व्यक्तीचे नाव असलेली ५,००० रुपयांची ओळ ही मालाची खरेदी आहे, मालकाने घरखर्चाला काढलेली उचल आहे की हातउसने परत केलेले आहेत, हे त्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. खाते ठरवण्याचे काम माणसाचेच आहे. आज माझा एप्रिल ते सप्टेंबरचा निम्मा वेळ रकाने सरळ करण्यात जातो आणि हे विचारण्याचे खरे काम घाईत उरकावे लागते. मग शंका असलेली प्रत्येक ओळ सस्पेन्स खात्यात, म्हणजे उलगडा न झालेल्या नोंदींच्या तात्पुरत्या खात्यात, टाकली जाते, आणि ३० सप्टेंबरच्या आत सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायच्या असल्याने ते खाते तसेच ताळेबंदात जाऊन बसते.

प्रत्येक बँकेने प्रत्येक खातेदाराला, खाते बचतीचे असो वा चालू, विनाशुल्क, ‘रेबिट’च्या आराखड्याप्रमाणे खातेउताऱ्याची फाइल द्यावी आणि फाइल मधे कोणी बदलू नये म्हणून तिच्यावर बँकेची डिजिटल स्वाक्षरी असावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने काढावा, अशी माझी विनंती आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, तेव्हा अंमलबजावणीही त्याच तारखेपासून ठेवावी, म्हणजे एकाच वर्षाचा उतारा दोन नमुन्यांत येणार नाही. व्यापारी संघटना, करसल्लागारांच्या संघटना आणि गृहनिर्माण संस्थांचे महासंघ यांनी ही मागणी आपापल्या लेटरहेडवर रिझर्व्ह बँकेकडे पाठवावी. अशा पत्राचा मसुदा मी तयार केलेला आहे आणि जी संस्था मागेल तिला तो देण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक हिशेबनीस, सांगली